बलक, भाकरी आणि टॉवेल

सोलापूर

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत आला, निम्मं ऐकूच आलं नाही. अकरावीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, पेशी मोठीच का होत जात नाही, दोन कशाला होते?" आणि तू फळ्यावर घनाचं गणित मांडून मोकळी झालीस. एवढं कळलं.

गणित बरोबरच आहे गं. बाजू 1 सेंटीमीटर असली की पृष्ठभाग 6, घनफळ 1. बाजू 3 केली की 54 आणि 27. तोंड नऊपट वाढलं, पोट सत्तावीसपट. पण फळ्यावरचं मुलं उतरवून घेतात आणि विसरतात. त्यापेक्षा आपली कडक भाकरी ने वर्गात. पातळ थापलेली असते म्हणून आरपार वाळते, कितीतरी दिवस टिकते. तीच जाड थापली तर वरून कडक, आत ओलसर, आणि लगेच बुरशी. आतल्या पाण्याला बाहेर यायला वाटच लांब पडते. पेशीत प्राणवायू आत शिरतो तो असाच, विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरत. अंतर दहापट झालं की वेळ दहापट नाही, शंभरपट लागतो. 10 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) सेकंदाचा अंश पुरतो, सेंटीमीटरभर आत जायला काही तास. तोवर मधल्या भागाने काय करायचं? शिवाय पेशीचा कारभार चालवणारं केंद्रक एकच. एवढ्या पसाऱ्याला प्रथिनांचे निरोप ते कुठवर पुरवणार? स्नायूचा लांबलचक तंतू म्हणूनच अनेक केंद्रकं बाळगतो.

मात्र "म्हणून पेशी विभागते" असं एका दमात म्हणू नकोस. मी ते केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, अंड्याचा बलक एकच पेशी ना? मग तो एवढा कसा?" मी "अपवाद आहे, बस खाली" म्हणालो. ती बसली, आणि वर्षभर परत काही विचारलं नाही. उत्तर अवघड नव्हतं. दुकानातल्या अफलित अंड्याचा बलक म्हणजे बहुतेक शिदोरी. जिवंत कारभार चालतो तो वरच्या पांढुरक्या ठिपक्यात.

आकारमानापेक्षा जाडी बघ. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी चेतापेशी मीटरभर लांब भरते, पण सुतासारखी बारीक, म्हणून तिचं भागतं. आणि टॉवेल! तुझ्या घरी माग होता, तुला सांगायला नको. लांबी-रुंदी तीच, पण दोऱ्याचे फासे काढले की पाणी किती जास्त टिपतं. लहान आतड्यातल्या पेशींच्या टोकाला पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, तशाच बारीक घड्या असतात. न विभागताही पृष्ठभाग वाढवता येतो तो असा.

तेव्हा प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेव. पेशी फार मोठी का होऊ शकत नाही, हा एक. ती विभागते केव्हा, हा दुसरा. 1920च्या दशकात माक्स हार्टमान नावाच्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने अमीबा वाढत आला की त्याचा तुकडा कापायचा, असं चालवलं. महिनोन्‌महिने तो अमीबा विभागलाच नाही. म्हणजे तिथे आकार मोजला जातो. पण बेडकाचं अंडं बघ. जेमतेम मिलीमीटरभर, फलित झाल्यावर कणभरही न वाढता भराभर विभागत सुटतं. सुरुवातीच्या बारा फेऱ्यांत 4096 पेशी! तिथे मोठ्या पेशीचे नुसते वाटे पडतात. चेतापेशी तर एकदा तयार झाल्या की बहुतेक विभागतच नाहीत.

सोमवारी त्या मुलीलाच पुढे बोलाव. तिच्या हातात सुरी आणि बटाटा दे. 3 सेंटीमीटरचा घन कापून त्याचे 27 तुकडे करायला लाव, मग पृष्ठभाग मोजू दे. 54चे 162 होतात. बटाटा मोठा घे, लहानातून 3चा घन निघत नाही. माझे दोन वाया गेले होते.

तुझे सर