आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : पूर्ण स्तन काढला, ते नियमाला धरून होते का?

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाई (वय ५२) जालना जिल्ह्यात राहतात. त्यांच्या उजव्या स्तनात अडीच सेंटीमीटरची गाठ आढळली, सुईच्या तपासणीत कर्करोगाचे निदान झाले आणि सर्जनांनी पूर्ण स्तन व काखेतील गाठी काढल्या. माझी मुलगी पुण्यात असते. तिचे म्हणणे असे की, मार्गदर्शक तत्त्वांनुसार एवढ्या गाठीसाठी स्तन राखता आला असता. तेव्हापासून घरात ‘चुकीचे ऑपरेशन झाले’ अशी चर्चा आहे. शस्त्रक्रिया तत्त्वांना धरून झाली की नाही, हे आम्ही कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या मुलीची माहिती बरोबर आहे, परंतु घरात त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘बी-०६’ या चाचणीतील १,८५१ स्त्रियांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढून स्तन राखलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या, असे त्यात दिसले. मात्र स्तन राखल्यानंतर रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला, तर रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. म्हणून गाठ काढणे आणि नंतर रेडिएशन घेणे हा तत्त्वांच्या दृष्टीने एकच उपचार आहे, आणि घरगुती चर्चेत नेमका हा उत्तरार्ध गळून पडतो.

स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत एकाहून अधिक गाठी असणे, मॅमोग्राफीत चुन्याचे संशयास्पद कण सर्वत्र विखुरलेले दिसणे, छातीला पूर्वी रेडिएशन दिलेले असणे, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असणे, किंवा पूर्ण माहिती मिळाल्यावर रुग्णाने स्वतःच तसे ठरवणे, या कारणांसाठी पूर्ण स्तन काढणे तत्त्वांना मान्यच आहे. रेडिएशनसाठी जाणे शक्य नव्हते, असे कारण पुष्कळदा दिले जाते. पण जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहे आणि आता हा उपचार बहुधा तीन आठवड्यांत आटोपतो, त्यामुळे केवळ अंतराचे कारण मला पटणार नाही. खरा प्रश्न हा की, स्तन राखण्याचा पर्याय जाऊबाईंना शस्त्रक्रियेपूर्वी सांगितला होता का? सांगितलाच नसेल तर ती त्रुटी आहे. सांगूनही त्यांनी हा मार्ग निवडला असेल, तर इतरांनी त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

माझ्या अनुभवात तत्त्वे डावलली जातात ती बहुधा इतरत्र, आणि ते कागदपत्रांतून दिसते. पहिला कागद शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा. ती बारीक सुईची होती की ट्रूकट बायॉप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी), हे पाहावे, कारण कर्करोग दुधाच्या नलिकेपुरताच आहे की आसपास शिरला आहे, हे बारीक सुईने कळत नाही. दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, कागद काढलेल्या भागाच्या हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा. काखेतील किती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या आणि त्यांपैकी कितींमध्ये रोग होता, हे त्यात असते. काख पूर्ण साफ केली असेल तर साधारणपणे किमान दहा ग्रंथी सापडाव्यात, अशी अपेक्षा असते. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरून रोग जिथे सर्वांत आधी पोचतो त्या केवळ पहिल्या ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, काढल्या असतील तर संख्या कमी असणे स्वाभाविक आहे. (हे साहित्य नसेल तेथे काखेचा खालचा भाग काढून तपासण्याची पद्धत मुंबईच्या टाटा रुग्णालयाने अभ्यासली आहे, तीत काही मोजक्याच ग्रंथी निघतात.) परंतु शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘काख साफ केली’ आणि अहवालात तीनच ग्रंथी, असे असेल तर सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट या दोघांनाही अवश्य विचारावे, कारण पुढचे उपचार बरेचसे याच आकड्यावर ठरतात. चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, तर पूर्ण स्तन काढल्यानंतरही रेडिएशन द्यावे लागते. ‘सगळेच काढले, आता कशाला?’ म्हणून ते टाळले जाते, आणि स्तन राखला की नाही यापेक्षा हे टाळणे कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारे प्रथिन) या तपासण्यांचे अहवाल नसतील तर काढलेला भाग जतन केलेले मेणाचे ब्लॉक व काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्याव्यात. त्यांवर या तपासण्या आताही करता येतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातील कर्करोग केंद्रांच्या जाळ्याशी जोडलेल्या एखाद्या केंद्रात त्या नेल्यास दुसरे मतही मिळेल. मात्र केमोथेरपी ठरली असेल तर दुसऱ्या मतासाठी ती रेंगाळू देऊ नये.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या स्तनात सहा सेंटीमीटरची गाठ आहे. डॉक्टर आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, असे म्हणतात. कर्करोग शरीरात तसाच ठेवणे नियमाविरुद्ध नाही का?

उत्तर : नाही. मोठ्या गाठीत, तसेच हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेल्या) प्रकारांत, हा क्रम तत्त्वांनीच सुचवलेला आहे. औषधाचा गाठीवर होणारा परिणाम त्यात प्रत्यक्ष दिसतो आणि ती आकसल्यास स्तन राखणे शक्य होऊ शकते. स्तन राखण्याचा विचार असेल तर केमोथेरपीपूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का, हे मात्र डॉक्टरांना आताच विचारावे. गाठ पूर्ण विरघळली तर नेमकी कोणती जागा काढायची, हे सर्जनला त्या क्लिपवरूनच समजते.