संडे-मंडे आले कुठून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इंग्रजी वारांच्या नावांवर सध्या इतके मेसेज येतायत की प्रत्येकाला वेगळं लिहिणं शक्य नाही, आणि त्यातले निम्मे तर एकाच फॉरवर्डमधून निघालेत. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथेच घेते.

वेन्सडेच्या स्पेलिंगमध्ये मधेच डी कशाला? मुलगी दर वेळी चुकते. (सांगली)

तो वोडेन नावाच्या देवाचा दिवस, आणि तो डी त्या देवाच्या नावातला आहे, बोलताना गळला पण लिहिताना राहिला. मुलीला चांगल्या डिक्शनरीतला उच्चार ऐकवा.

वेन्सडे म्हणजे पूर्वी वेडिंगचा दिवस होता का? (ठाणे)

नाही.

आपले वार आणि त्यांचे वार एकाच क्रमाने येतात, सन म्हणजे सूर्य, मून म्हणजे सोम, शिवाय 'अवर' हा शब्द आपल्या 'होरा'वरून आणि होरा 'अहोरात्र'मधून. म्हणजे इंग्रजांनी वार आपल्याकडूनच उचलले ना? (पुणे, नाशिक, न्यू जर्सी आणि अजून बऱ्याच ठिकाणांहून)

नाही, आणि याला सविस्तरच उत्तर देते कारण हाच तो फॉरवर्ड.

क्रम सारखा आहे हे खरं. पण त्याचं कारण म्हणजे दोघांनीही तो एकाच ठिकाणाहून घेतला, ग्रीक-रोमन काळातल्या इजिप्तकडच्या ज्योतिषाकडून. तेव्हाचे लोक सात ग्रह मानायचे आणि सगळ्यात संथ ते सगळ्यात वेगवान असे लावायचे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ तास, एकेक तास एकेका ग्रहाला, आणि पहिला तास ज्याचा त्याचा तो दिवस. आता शनीपासून मोजा. १ला, ८वा, १५वा, २२वा तास शनीचा, मग २३वा गुरूचा, २४वा मंगळाचा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा, म्हणून शनिवारनंतर रविवार. असंच पुढे मोजत गेलात की आठवडा पूर्ण होतो, कागदावर करून बघाच. आर्यभटाने 'आर्यभटीय'मध्ये, म्हणजे इ.स. ४९९ च्या सुमाराला, हाच हिशेब दिलाय, वेगाच्या क्रमाने दर चौथा ग्रह दिवसाचा स्वामी.

आता काळ बघा. वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन ग्रंथात तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, वार नाहीत. आपल्याकडे शिलालेखात वाराची जुन्यातली जुनी पक्की नोंद मध्य प्रदेशातल्या एरणला गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभावर आहे, इ.स. ४८४ मधला गुरुवार, तिथे 'सुरगुरूचा दिवस' म्हटलंय. आणि इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, त्याच्या भिंतीवर शनीपासून सगळे वार ओळीने खरडलेले सापडलेत. 'होरा' हा ग्रीक शब्द, लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत तोच इंग्रजीत अवर झाला. अहोरात्रची व्युत्पत्ती वराहमिहिराने दिली आहे हे खरं, पण 'काही जण असं म्हणतात' असं म्हणून दिली आहे आणि फॉरवर्डमधून नेमके तेवढेच शब्द उडवलेत, याची मला खरंच चीड येते.

बरं मग इंग्रजीत ते वेगळे देव कुठून आले? उत्तरेकडच्या जर्मन भाषा बोलणाऱ्या लोकांनी रोमन वार घेतले आणि देव मात्र आपले बसवले. मार्सच्या जागी टीव, तो ट्यूसडे. मर्क्युरीच्या जागी वोडेन. ज्युपिटरच्या जागी मेघगर्जनेचा थुनोर, म्हणजे थॉर, आणि व्हीनसच्या जागी फ्रिग. सॅटर्नला जोडी मिळाली नाही म्हणून सॅटर्डे तसाच राहिला.

आणि खरं नातं आहे हो, ते कुणी फॉरवर्ड करत नाही! टीव आणि आपला 'देव' एकाच मूळ शब्दाचे, फ्रिग आणि संस्कृत 'प्रिया' एकाच मुळातल्या, थंडर आणि 'स्तनयित्नु' (संस्कृतमधला गडगडाट) तसेच, मून आणि 'मास' तसेच. हे नातं वार जन्माला यायच्या कितीतरी आधीचं, त्यात कुणी कुणाचं उचललेलं नाही. उलट 'डे' आणि 'दिन' ऐकायला अगदी भाऊ वाटतात पण त्यांचा काही संबंध नाही. म्हणून सांगते, आवाजावरून नातं ठरवू नका, फॉरवर्ड करायच्या आधी डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी भाषाशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी विचारा, नाहीतर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' काढून वाचा, १८९६ चं आहे आणि मराठीत आहे.

एका ऑनलाइन कोर्सवाल्यांनी सांगितलं की थर्सडे थॉरचा, थॉर म्हणजेच इंद्र, म्हणून गुरुवारी त्यांचं इंद्रयंत्र घ्यायचं. ॲडव्हान्स मागतायत. (कोल्हापूर)

देऊ नका. गुरुवारचा गुरू म्हणजे बृहस्पती, गावाकडे बेस्तरवार म्हणतात तो त्यावरूनच, इंद्राचा तिथे संबंध नाही. थर्सडे आणि गुरुवार जुळतात ते गुरू ग्रहामुळे, देवांच्या स्वभावामुळे नाही. पूजेबद्दल शंका असेल तर घरच्या गुरुजींना विचारा, पैसे दिले असतील तर बँकेला आजच कळवा.

गोव्यातल्या जमिनीच्या पोर्तुगीज कागदावर तारखेपुढे 'तेर्सा-फेइरा' लिहिलंय. तेर्सा म्हणजे तिसरा, मग बुधवार ना? कागद आजोबांपासून कपाटात आहे. (मडगाव)

मंगळवार. पोर्तुगीज मोजणी रविवारपासून सुरू होते, त्यामुळे सोमवारच 'दुसरा' होतो. जुन्या देवांची नावं वारांना नकोत असा ६व्या शतकात ब्रागाच्या बिशप मार्टिनचा आग्रह होता, म्हणून तिथे आकडे आले. पण जमिनीचा कागद आहे, माझ्या एका ओळीवर विसंबू नका. पोर्तुगीज वाचता येणाऱ्या वकिलाकडून पूर्ण भाषांतर करून घ्या, आणि किती वर्षं कपाटात ठेवणार, याच आठवड्यात जा.

ब्लॅक फ्रायडे म्हणजे तोट्यातून नफ्यात येण्याचा दिवस, की गुलामांच्या सेलचा? (मुंबई)

दोन्ही नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गर्दीला आणि ट्रॅफिकला कंटाळून फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी १९६० च्या आसपास ते नाव रूढ केलं. नफ्याची काळी शाई ही गोष्ट १९८० नंतर दुकानदारांच्या सोयीने पसरली, आणि गुलामांची गोष्ट निव्वळ अफवा. सेलचं विचारत असाल तर आधीची किंमत तपासा.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली का? (सोलापूर)

मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली, कृपा करून त्यांचं नाव घ्या.

मी म्युनिकला असतो, जन्म मंगळवारचा. टीव देवाचं बाणासारखं रून (जुन्या जर्मन लिपीतलं) अक्षर दंडावर टॅटू करतोय, स्पेलिंग चेक कराल? (म्युनिक)

थांबा. अक्षर टीवच्याच नावाचं आहे, पण नाझींच्या एसए संघटनेत त्याच अक्षराचा बिल्ला होता आणि आजही नवनाझी ते मिरवतात. तुम्ही राहता त्या देशात नाझी चिन्हांवर कडक कायदा आहे. तिथल्या वकिलाला आणि एखाद्या जर्मन इतिहास शिक्षकाला विचारल्याशिवाय सुई लावून घेऊ नका, अपॉइंटमेंट आजच पुढे ढकला.