कुंडीतल्या पाण्यात ऑस्ट्राकॉड शोधताना

ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचातला इवलासा पाणजीव, शोधायला बाटल्या घेऊन ठाण्याजवळच्या येऊरला पळू नकोस. तो जंगलाचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, परवानगीशिवाय तिथलं काही उचलायचं नाही. गॅलरीतल्या ब्रोमेलियाडपासून (अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड) सुरुवात कर. पानांच्या बेचक्यातलं पाणी तळच्या गाळासकट ड्रॉपरने ओढ, पांढऱ्या बशीत सोड आणि दहापट भिंग लाव. डासांच्या अळ्या मिळतीलच. त्या परत कुंडीत ओतल्यास तर सोसायटीवाले आणि डेंग्यू दोघंही मागे लागतील.

झटके देत पळतो तो कोपेपॉड, हाही कोळंबीच्या नात्यातलाच बारीक जीव. तिळाहून लहान दाणा तळाशी सरकताना दिसला तर ऑस्ट्राकॉड समज. जरा दम धर: कवचाची फट उघडते, आतून स्पृशा (मिशांसारखे अवयव) आणि पाय बाहेर येतात. दिसतो शिंपल्यासारखा, पण भाऊबंद कोळंबी-खेकड्यांचा. शिंपला आपलं कवच वाढवत नेतो. हा कात टाकतो तेव्हा दोन्ही झडपा फेकून नव्या घडवतो.

ब्रोमेलियाडमधला एल्पिडियम हा ऑस्ट्राकॉड निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलरने एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये वर्णिला. मादी पिल्लं कवचातच सांभाळते, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला बेडकाची कातडी चालते! अशा तुटक वस्त्यांतूनच जमैकात त्याच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. तुझ्याकडे तोच निघेल असं मात्र धरू नकोस, ब्रोमेलियाड मूळचं अमेरिकेतलं. फोटो वरून आणि बाजूने, दोन्ही काढ.