फिफ्टी-फिफ्टीच्या बॉलला पाय मागे का येतो?

प्रश्न : सर, मी 19 वर्षांचा आहे. कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघातून राइट विंगला खेळतो. मागच्या जानेवारीत सामन्यात प्रेस करायला, म्हणजे बॉल असलेल्यावर दबाव आणायला, धावलो, समोरच्यानं बॉल आत ओढला, मी वळलो आणि उजवा पाय जमिनीतच राहिला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. 'कट्ट' असा आवाज माझा मला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली आधाराची शीर, पूर्ण तुटल्याचं एमआरआयमध्ये निघालं, फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. फिजिओ एक दिवस चुकवला नाही. आता दहावा महिना संपत आलाय. डॉक्टर म्हणाले, खेळ. एका पायावरच्या उड्यांत उजवा पाय डाव्याच्या 93 टक्के आला. पण सरावात फिफ्टी-फिफ्टीच्या, म्हणजे दोघांपैकी कुणालाही मिळेल अशा, बॉलला कुणी अंगावर आलं की पाय आपोआप मागे येतो. बॉल आला की लगेच देऊन टाकतो. कोच म्हणतात, 'वन टच छान खेळायला लागलास.' खरं काय ते मला माहीत आहे. रात्री तो आवाज ऐकू येतो. हंगाम तोंडावर आलाय, कट्ट्यावर रोज विचारतात, 'कधी उतरणार?' आईला सांगितलं तर ती खेळच बंद करेल. मी घाबरट झालोय का? पहिल्यासारखा खेळेन का?
— नाव आणि पेठ छापू नये, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या पत्रातल्या 'वन टच'पाशी मी थांबलो. हेच कौतुक 1989 साली माझ्याही वाट्याला आलं होतं.

मी तेव्हा 22 वर्षांचा, मधल्या फळीत हाफला खेळायचो. शाहू स्टेडियमवर सामना होता. हेडसाठी उडी घेतली आणि उतरताना गुडघा आत वळला. तू लिहिलास तसाच आवाज. आमच्यातल्या कुणी तेव्हा एमआरआय हे नावही ऐकलं नव्हतं. पैलवानांची अंगं रगडणाऱ्या एका वस्तादांनी गरम तेल लावलं, हळदीचा लेप बांधला, सूज उतरली. सहाव्या आठवड्यात क्रेप बँडेज गुंडाळून मी मैदानात होतो. पेठेची ईर्षा, भरलेली गॅलरी. नाही म्हणता येतं हेच सुचलं नाही. मग मी तू करतोस तेच करायला लागलो. बॉल पायाला लागतो न लागतो तोच सोडून द्यायचा, म्हणजे अंगावर कुणी यायलाच नको. लोक म्हणायचे, गडी आता डोक्यानं खेळतो. खरं मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं जिना उतरतानाही गुडघा सटकायला लागला आणि चोविसाव्या वर्षी खेळ सुटला. गुडघा गेल्याचं दुःख आहेच, पण ती दोन वर्षं भीती लपवण्यात एकट्यानं काढली याचं अजून जास्त आहे. तू ती मला लिहून कळवलीस. माझ्या हातून तेवढंही झालं नव्हतं.

घाबरट नाहीस. तुटलेली शीर म्हणजे नुसती दोरी नसते. तिच्यात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. गुडघा किती वाकला, कुठं वळला याची खबर ती मेंदूला देत असतात. आता तिच्या जागी तुझ्याच शरीरातल्या दुसऱ्या ठिकाणचा स्नायूबंध बसवलाय. तो भार घेतो, पण खबर देण्याचं काम जुन्या शिरेसारखं त्याला जमत नाही. शिवाय गुडघ्याला सूज आली, ऑपरेशन झालं की मांडीचा पुढचा स्नायू शरीर आपणहून आवरून धरतं. ते तुझ्या हातात नसतं. अशा अपुऱ्या खबरीवर समोरून येणाऱ्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, भिडायचं म्हटल्यावर मेंदू पाय मागे घेणारच. त्याला पुन्हा भरवसा बसेल असं काही दाखवावं लागतं, आणि ते मैदानातच दाखवावं लागतं. 'मनातून काढून टाक' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. अशानं मनातून काहीही निघत नाही.

यात तू एकटा नाहीस. एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळाडूंचं काय झालं, याच्या 69 अभ्यासांचा एकत्र आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातले 81 जण कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, दुखापतीआधीच्या पातळीला 65 पोचले आणि स्पर्धेत पुन्हा उतरले ते 55. गुडघा नीट बसूनही मागे राहिलेल्यांमध्ये पुन्हा लागेल ही भीती वारंवार आढळते. म्हणून तर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीच तयार केली: खेळताना किती धाकधूक वाटते, गुडघ्यावर किती भरवसा आहे, असले प्रश्न. तिचं नाव एसीएल-आरएसआय. तुझ्या फिजिओकडं ती माग, प्रामाणिकपणे भर आणि महिन्यानं पुन्हा भर. मांडीचा घेर मोजतात तशी ही भीतीही मोजता येते.

93 टक्क्यांबद्दलही विचारून घे. ते फक्त उडीचं माप आहे की मांडीची ताकदही यंत्रावर मोजली? उडी चांगली जाते आणि ताकद मागे राहिलेली असते, असं होतं. आणि दहा महिन्यांत तुझा डावा पायही खेळलेला नाही, तोही उतरलाय. उतरलेल्या पायाशी तुलना केली की टक्के जास्त दिसतात. ताकद खरंच कमी निघाली, तर तुझा पाय मागे येतोय तो बरोबरच येतोय. आधी ती भरून काढ, मग पुढचं वाच.

आता सरावाचं. एका वहीत तुला भीती वाटणारे प्रसंग लिहून काढ, कमी भीतीचा वर, जास्त भीतीचा खाली. 'मैदान ओलं असलं की', 'हेड करून उतरताना', 'बाजूनं घसरत टॅकल आला की', 'उजवा पाय रोवून डावीकडं कट मारताना'. माझा अंदाज आहे की सगळ्यात खाली तोच प्रसंग असेल, ज्यात पाय गेला: प्रेस करताना एकदम वळणं. सुरुवात वरून कर. संघातला एक मित्र निवड, ज्याला सगळं खरं सांगशील. त्यानं चालत अंगावर यायचं, तू चालत कट मारायचा, वीस वेळा. मग जॉगिंगच्या वेगात, मग अर्ध्या वेगात, मग पूर्ण. त्यानं कुठल्या बाजूला जायचं हे आधी ठरलेलं असू दे. नंतर ते ठरवणं त्याच्यावर सोड. खरा सामना तिथं सुरू होतो, कारण सामन्यात कुणी सांगून येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आधी गुडघा बघ. वाटीच्या बाजूची खळगी भरलेली दिसली, गरम लागला, तर एक पायरी मागे, आणि फिजिओला कळव. नाही दिसली तर पुढं. घाई नको, पण एकाच सोप्या पायरीवर महिनाभर रेंगाळूही नकोस.

माझ्या संघातल्या पोरांकडून मी आणखी एक गोष्ट करून घेतो. आपल्याकडं पेठेपेठेत तालीम आहे, तिथली तांबडी माती मऊ खोदलेली असते. फिजिओचा होकार घेऊन त्या मातीत पडायला शिक. गुडघ्यावर बसूनच सुरुवात कर, खांद्यावरून लोळण घे, ऊठ. जमलं की उभ्यानं. वस्तादांना विचार, त्यांच्याइतकं चांगलं पडणं कुणी शिकवणार नाही. लागलेल्या खेळाडूला टॅकलपेक्षा त्यानंतरच्या पडण्याची भीती असते, कारण मागच्या वेळी पडल्यावर तो उठला नव्हता. दहा दिवस रोज पडून उठलेल्या पोरांचे खांदे सैल झालेले मी पाहिलेत. खांदे सैल झाले की पाय मोकळे होतात.

त्याच वहीत सरावानंतर दोनच आकडे लिही: आज फिफ्टी-फिफ्टीचे किती बॉल आले आणि त्यांतल्या कितींना मी गेलो. जिंकले किती ते लिहू नकोस. पहिल्या आठवड्यात आठांतले दोन असतील, असू देत.

कोचना सांग. 'सर, वन टच मी भीतीनं खेळतोय,' एवढं एक वाक्य. आजवर ज्या पोरांनी मला असं सांगितलं, त्यांना मी संघातून काढलं नाही, उलट त्यांच्यासाठी सामना निवडता आला. तुझा पहिला सामना पेठेच्या ईर्षेचा नको. साधा सराव सामना, शेवटची पंधरा-वीस मिनिटं. मग अर्धा, मग पूर्ण. आणि आईला सांग. ती खेळ बंद करेल असं तुला वाटतं, पण दहा महिने तुझा पाय उशीवर ठेवणारी तीच आहे; तुझी झोप उडालीय हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही. रात्रीचा तो आवाज कमी झाला नाही, झोप अशीच जात राहिली, तर समुपदेशकाकडं जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. कट्ट्यावर 'कधी उतरणार?' विचारलं की 'चाचण्या झाल्या की' एवढंच म्हण.

पहिल्यासारखा खेळशील का, याचा शब्द मी देणार नाही. भारताचा फुटबॉलपटू संदेश झिंगनचं उदाहरण तेवढं सांगतो, कारण तो बॅक आहे, भिडणं हेच त्याचं काम. ऑक्टोबर 2019 मध्ये, बांगलादेशविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर, त्याचं एसीएल गेलं. 2019-20 चा अख्खा हंगाम त्यानं बाहेर काढला. परतला आणि 2020-21 साठी भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मधला तो पूर्ण हंगाम विसरू नकोस.

पहिल्या सामन्यानंतर मला लिही. गोल झाला की नाही ते नको. वहीतले ते दोन आकडे पाठव.

---

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघात आहे. पाच महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं एसीएलचं ऑपरेशन झालं. आता अजिबात दुखत नाही, पळते, उड्या मारते. पुढच्या महिन्यात आंतरशालेय स्पर्धा आहे आणि खेळायचंच म्हणून हटून बसलीय. शाळेचे सरही म्हणतात, थोडा वेळ खेळवू. आत्मविश्वास इतका आहे की मोडायला जीव होत नाही. काय करू?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, खेळू देऊ नका. थोडा वेळही नाही.

वरच्या मुलाचा गुडघा बराचसा तयार आहे आणि मन थांबलंय. तुमच्या लेकीचं उलट आहे. दुखत नाही याचा अर्थ शीर रुजली असा होत नाही. बसवलेला स्नायूबंध पहिल्या काही महिन्यांत उलट कमकुवत होतो, मग हळूहळू त्याची शीर होत जाते, आणि हे काम वर्षाच्याही पुढं चालतं. तिला वाटणारी ताकद स्नायूंची आहे. ओस्लोमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी झालं. कमी वयाच्या खेळाडूंत दुसऱ्यांदा शीर तुटण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, आणि त्याच खेळात मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा जास्त. तिच्या बाबतीत दोन्ही लागू आहेत.

तिला ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट सांगा. नोव्हेंबर 1999 मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली. ती शीर वेगळी, वाटीखालची. पाचव्या महिन्यात, 12 एप्रिल 2000 ला, रोममध्ये तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सहा-सात मिनिटांत, कुणी धक्का न लावता, तोच गुडघा पुन्हा गेला. पुढचा सगळा हंगाम त्याला घरी बसावं लागलं. मग 2002 च्या विश्वचषकात त्यानं आठ गोल केले, अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचेच. आणि स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासची सांगा. बॅलन डी'ऑर हा जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळवलेली खेळाडू; जुलै 2022 मध्ये युरो ही महिलांची युरोपीय स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिचं एसीएल गेलं. ती 30 एप्रिल 2023 ला परतली, जवळजवळ दहा महिन्यांनी, तीही बदली खेळाडू म्हणून. त्याच ऑगस्टमध्ये स्पेननं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघात होती.

तिला तारीख देऊ नका. चाचण्या द्या: मांडीची ताकद, उड्या, दमल्यावरच्या उड्या. हटून बसायला तिला ते आकडे मिळू देत. शाळेच्या सरांना डॉक्टरांचं पत्र दाखवा आणि सगळ्या संघाकडून फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वॉर्मअप करून घ्यायला सांगा. वीस मिनिटांचा आहे, वेगळं सामान लागत नाही, आठवड्यातून दोनदा तरी करायचा. तुमची मुलगी परतेल तेव्हा तिलाही तो लागणारच आहे.

आणि स्पर्धेच्या दिवशी तिला घरी ठेवू नका. संघाची जर्सी घालून बाकावर बसू दे, समोरच्या संघाची डावी बाजू कच्ची आहे का हे हाफटाइमला मैत्रिणींना सांगू दे. ती रडेल. तुम्ही जवळ बसा.