महामारीत लस सक्तीची करणं योग्य आहे का?

माझं उत्तर: धरून-बांधून सुई टोचणं कधीच योग्य नाही. अटी घालता येतात, पण लस आपल्यापासून इतरांना होणारा संसर्ग खरोखर रोखत असेल तरच.

कोविडच्या लसीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी साधारण हेच म्हटलं. राज्यघटनेच्या कलम २१ नुसार (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) कुणावरही लस लादता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्यांकडून जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवली नव्हती, म्हणून तेव्हाचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणाबाहेरचे वाटले.

मला मुंबईची लोकल आठवते. १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य प्रवाशांपैकी दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांनाच प्रवासाची मुभा होती. पण १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं तेच १ मेला, त्यात तुटवडा, आणि कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान १२ आठवड्यांचं अंतर! विरारहून कामाला येणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने करायचं काय? लस मिळण्याची सोय नसताना तिची अट घालणं हा सरळ अन्याय होता. मी स्वतः लस घेतली, घरच्यांनाही घ्यायला लावली, तरी हे मला आजही पटत नाही.

सक्ती आणि स्वेच्छा यांतला फरक इतिहासातही दिसतो. १८९७ च्या प्लेगमध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. त्याच वर्षी पुण्यात घरोघर सैनिक घुसवून झडत्या घेतल्या गेल्या, तेव्हा लोक आजारी माणसं लपवू लागले.