डोळ्यावर चष्मा, पोटात गोळा

मागच्या अंकात मी एकच ओळ टाकली होती, की मेळ्यात आलेल्या व्हीआरच्या, म्हणजे चष्म्यातून खोटं जग खरं वाटायला लावणाऱ्या, भुताच्या ट्रेनमध्ये कोण कोण बसून आलं ते लिहा, अन् बाप्पा, एवढी पत्रं आली की टेबलवर जागा उरली नाही. कोणाला मजा आली, कोणाला मळमळ झाली, एका घरात पोरगं रात्रीचं झोपून नाही राहिलं. मी स्वतः दोनदा बसले, एकदा संध्याकाळी गर्दीत अन् एकदा दुपारी, तेव्हा मी एकटीच होते म्हणून चष्मा काढून सगळं नीट बघता आलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, बारा खुर्च्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, खुर्च्या खालून हलतात, समोर दोन पंखे, डोळ्यावर चष्मा, कानावर हेडफोन, अन् पाच-सहा मिनिटं गाडी बोगद्यातून पळते अन् मधल्या स्टेशनावर भुतं चढतात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, ज्यात बाकीच्यांच्याही कामाचं काही आहे तीच पत्रं घेतली.

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शेजारच्या पोट्ट्यांसोबत हट्ट केला म्हणून त्या ट्रेनमध्ये बसवला, तिथे कोणी वय विचारलं नाही. बाहेर आला तेव्हा हसत होता, पण त्या रात्रीपासून एकटा बाथरूमला जात नाही, पलंगावरून पाय खाली सोडत नाही, म्हणतो की तिने माझा पाय धरला होता. आज सहावा दिवस आहे. सासूबाई म्हणतात नजर काढा, मिस्टर म्हणतात लाड करू नको. मी काय करू?
एक आई, मानेवाडा

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्याला खोटं ठरवू नका, कारण त्याच्या पायाला खरंच काहीतरी लागलं होतं. दुपारी मी वाकून पाहिलं, प्रत्येक खुर्चीखाली एक रबरी नळी बांधलेली आहे, त्यातून हवेचा फटका बरोबर पोटरीवर बसतो, अन् चष्म्यात त्याच क्षणी ती मोकळ्या केसांची बाई खाली वाकते. डोळ्याला दिसलं अन् कातडीला लागलं, दोन्ही एकाच वेळी, मग मेंदू ते एकच धरतो, मोठ्या माणसाचाही. मला ठाऊक होतं की हे सगळं मशीन आहे तरी माझा पाय झटकन वर आला होता. आता नऊ वर्षांच्या पोराला तुम्ही म्हटलं की असं काही नसते, तर त्याला वाटणार आई माझ्यावर विश्वास ठेवून नाही राहिली, अन् मग तो बोलणंच बंद करेल, भीती मात्र तिथंच राहील.

त्याला म्हणा, हो रे, धरला होता, चल आपण बघू कशाने धरला. मेळा अजून चालू असेल तर भर दुपारी घेऊन जा, तिथल्या पोराला विनंती करा, नळी दाखवा, पंखे दाखवा, चष्मा डोळ्यावर न लावता नुसता हातात द्या. ते जमलं नाही तर घरीच सायकलचा पंप घ्या अन् त्याच्या पोटरीवर हवा मारा, मग त्याला तुमच्या पोटरीवर मारू द्या. आपल्याकडची मारबत आठवा. इतवारीत, जागनाथ बुधवारीत पोट्टे केवढे तरी दिवस आधीपासून मारबत बनताना बघतात, बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, मग रंग, अन् तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तीच भयानक बाई रस्त्यावर आली की हीच पोट्टी तिच्यामागे 'घेऊन जाय गे मारबत' ओरडत पळतात. बनताना पाहिलेल्या गोष्टीची भीती वेगळी असते, तिच्यामागे पळता येते.

नजर काढायची असेल तर सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळू द्या, त्याला वाटेल की घरातलं कोणीतरी आपल्या बाजूने आहे. मिस्टरांना मात्र माझ्याकडून सांगा की यात लाडाचा संबंध नाही. व्हीआरचे चष्मे बनवणाऱ्या कंपन्याच लहान मुलांना नको म्हणतात, सोनीने आपल्या चष्म्याला १२ वर्षांची अट ठेवली होती, फेसबुकवाल्या मेटाची १३ होती, २०२३ मध्ये त्यांनी १० केली तीही आई-बापाच्या देखरेखीतल्या अकाउंटवर, अन् ते तर साध्या गेमसाठी, भुतांसाठी नाही. मेळ्यात वय विचारायलाच पाहिजे होतं, अन् ते विचारणं तिकीट फाडणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा झोप-जेवण-शाळा बिघडली, तर मुलांच्या डॉक्टरला दाखवा, लाजू नका.

प्रश्न: आम्ही चार मित्र गेलो होतो, तिघांना काहीच नाही झालं अन् मला तिसऱ्या मिनिटालाच घाम सुटला, मळमळ, उतरल्यावर अर्धा तास कठड्यावर बसून होतो. आता ग्रुपमध्ये सगळे मला घाबरट म्हणून राहिले. भीती तर मला वाटलीच नव्हती, मग असं काहून झालं?
इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर: तू घाबरट नाहीस, तुझा कान चोख काम करून राहिला. आपल्या कानाच्या आत पाणी भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात अन् बारीक खडे असतात, त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो, निघालो की थांबलो. चष्मा म्हणून राहिला गाडी वळणावर सुसाट चालली, अन् कान म्हणते अरे हा तर खुर्चीत बसून आहे. दोघांचं जमलं नाही की मळमळ. कोणाला जास्त होते कोणाला कमी, गाडी लागते तसंच आहे हे, त्याचा हिमतीशी काही संबंध नाही.

हे तू आधीही अनुभवलं असशील. नागपूर स्टेशनवर आपण गाडीत बसून असतो, बाजूच्या प्लॅटफॉर्मवरची गाडी निघते अन् क्षणभर वाटते आपलीच निघाली. नुसत्या डोळ्याने अख्खं शरीर हलवता येते, अन् जत्रेतल्या लोकांना हे व्हीआरच्या खूप आधीपासून माहीत होतं. अमेरिकेत १८९० च्या दशकात 'भुताचा झोपाळा' म्हणून एक खेळ होता. मोठ्या खोलीत मधोमध झोपाळा, लोक त्यावर बसायचे, झोपाळा जेमतेम हलायचा अन् अख्खी खोलीच त्याच्याभोवती फिरवायचे, टेबल-खुर्च्या खिळ्यांनी ठोकलेल्या. लोकांना वाटायचं आपणच उलटे होऊन राहिलो, घट्ट धरून बसायचे. रॉबर्ट वूड नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये त्याच्यावर लिहूनही ठेवलं.

चष्म्याचाही दोष असतो. मान वळवली की चित्र साधारण २० मिलिसेकंदाच्या आत वळायला पाहिजे, अन् चांगल्या चष्म्यात सेकंदाला ९० वेळा चित्र बदलते. मेळ्यातल्या स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा आत मोबाइलच अडकवलेला असतो, त्याला मान वळली तेवढं कळते, पण तू पुढे झुकला, बाजूला सरकला हे कळतच नाही, तिथे गडबड वाढते. पुढच्या वेळी तर्री पोहे हाणून लगेच बसू नको, अन् मळमळायला लागलं की सरळ डोळे मिट, चष्मा काढायच्या नादात मान झटकू नको. डोळे मिटले की डोळा अन् कान यांचं भांडण तिथंच थांबते. उतरल्यावर लगेच गाडीला किक मारू नको, पंधरा-वीस मिनिटं बस.

प्रश्न: चष्म्याचा नंबर आहे, चालेल का? अन् तो चष्मा शंभर लोकांच्या तोंडाला लागलेला, डोळे येतात का त्याने?
वाचक, सदर

उत्तर: आपला चष्मा आत मावत असेल तर घालूनच बसा, मावत नसेल तर जोर करू नका, दोन्हीच्या काचांवर ओरखडे पडतात. डोळ्यांचं म्हणाल तर डोळे आलेल्या माणसाचा हात किंवा पाणी त्या चष्म्याच्या कडेच्या फोमला लागलं अन् लगेच तुम्ही लावला तर होऊ शकते, म्हणून समोर पुसायला लावा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा फोम आधीच्या माणसाच्या घामाने ओला होता, मी सांगितलं तेव्हा त्या पोराने पुसून दिला, न सांगता दिला नसता. गरोदर बायांनी, हार्टवाल्यांनी बसू नका. अन् ज्यांना फिट येते त्यांनी तर नाहीच, कारण लुकलुकत्या उजेडाने काही लोकांना फिट येते, चष्म्यासोबतच्या कागदावर ४००० पैकी एकाला असा धोका लिहिलेला असतो.

प्रश्न: मी रेल्वेतून रिटायर झालो, गार्ड होतो. नातवासोबत बसलो, नातू किंचाळून राहिला अन् मला मात्र काहीच वाटलं नाही, कारण आवाजच चुकीचा होता. गाडी शंभरच्या वर पळताना दाखवली अन् रुळांच्या सांध्याचा खडाक दोन सेकंदाला एक. तुम्हाला ठाऊक आहे का, १३ मीटरचा रूळ असला तर ४७ सेकंदांत जितके खडाक मोजाल तितकाच गाडीचा ताशी वेग असते. त्या हिशोबाने ती गाडी तेवीस-चोवीसने चालली होती, एवढ्यात तर आमची इतवारी-नागभीडची छोटी गाडीही पुढे जायची. अन् आजकाल मेन लाइनला रूळ जोडून एकसंध केलेले असतात, खडाक येतेच कुठे. माझा प्रश्न असा की ही भुताच्या गाडीची कल्पना निघाली कुठून?
एक रेल्वेवाले, अजनी

उत्तर: काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करून पाहिला, १३ गुणिले ३.६ (सेकंदाच्या मीटरवरून तासाचे किलोमीटर काढायचा आकडा) म्हणजे ४६.८, अगदी बरोबर निघाला. तुम्हाला भीती का नाही वाटली याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. एक गोष्ट खोटी सापडली की मन सावध होते अन् मग बाकीचंही खोटं दिसते. नातवाने रुळाच्या सांध्याचा आवाज कधी ऐकलाच नाही, त्याच्यासाठी तो खडाक म्हणजेच आगगाडी. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांनी तुमच्यासारख्या एका माणसाला आधी बसवून विचारलं असतं तर किती चांगलं झालं असतं, असं मला मनापासून वाटते.

आता कल्पनेचं. अंधारात वाकड्यातिकड्या रुळावर छोटी गाडी फिरवून मधेच काहीतरी समोर आणायचं, हा खेळ अमेरिकेतला, १९२० च्या दशकाच्या शेवटी लिऑन कॅसिडी नावाच्या माणसाच्या कंपनीने तो विकायला सुरुवात केली. कंपनीचं नाव होतं प्रेट्झेल, पीळ दिलेल्या खाऊवरून, कारण रूळ तसेच वळणावळणाचे. १९३० मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकपूलला आला, तिथल्या लोकांना प्रेट्झेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला तेव्हा गाजलेल्या १९२३ च्या एका नाटकाचं नाव दिलं, 'द घोस्ट ट्रेन'. ते नाटक अर्नोल्ड रिडलीचं, अन् त्याला ते सुचलं कसं तर तो स्वतः एका लहानशा स्टेशनवर गाडीसाठी अडकून पडला होता तेव्हा. म्हणजे मूळ भीती भुतांच्या चेहऱ्यांची नव्हतीच. रिकामं स्टेशन, गाडी नाही, अन् दूर कुठंतरी आवाज. ही भीती तर तुम्ही ड्युटीवर कितीदा अनुभवली असेल, त्यावर लिहा ना एकदा, आम्ही छापू.

प्रश्न: २०१८ मध्ये मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा थॉर्प पार्क या करमणुकीच्या पार्कला व्हीआरची घोस्ट ट्रेन पाहिली. डबा साखळ्यांनी हवेत टांगलेला, अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यंदा बहिणीची पोरं जाणार आहेत, त्यांनी तीच बघावी का?
वाचक, धरमपेठ

उत्तर: तीच आता नाही. ती जुलै २०१६ मध्ये सुरू झाली, डेरेन ब्राऊन या मनाचे खेळ करणाऱ्या कलाकाराच्या नावाने, डोळ्यावर एचटीसी व्हाइव्हचे चष्मे. तुम्ही गेल्या त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, तिच्यात बदलही झाले होते. २०२३ मध्ये ती नव्याने उघडली ती नुसती 'घोस्ट ट्रेन' म्हणून, चष्म्याशिवाय, अन् खरी माणसं, खरे देखावे यांच्यावर भर. मला ही गोष्ट खूप बोलकी वाटते. तुमच्याही लक्षात काय राहिलं बघा, चष्म्यातलं भूत नाही, साखळ्यांना लटकलेला खरा डबा. जुन्या व्हर्जनमध्येही मधेच लोकांना चष्मा काढून खाली उतरवायचे अन् समोर खरी माणसं यायची. मला इथल्या मेळ्यातही सगळ्यात जास्त शहारा पंख्याच्या गार हवेने आला, चित्राने नाही. पोरं तेरा वर्षांच्या वरची असतील तर जाऊ द्या.

प्रश्न: मॅडम मी त्या ट्रेनवरच काम करतो. अंधार झाला की मागून जाऊन लोकांच्या मानेला हात लावायचा हे पण माझं काम आहे, मालक म्हणतो त्यानेच पब्लिक येते. परवा एक मावशी एवढ्या रडल्या की त्यांचा श्वास लागून राहिला होता, मी घाईघाईत चष्मा ओढून काढला तर आणखीच घाबरल्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी वय विचारू का, मालक रागावते.
वय २०

उत्तर: बाळा, तू लिहिलं हे फार चांगलं केलं. वय विचार, अन् मालकाला हे पान दाखव, वरच्या मानेवाड्याच्या आईचं पत्र त्यांना वाचू दे.

हात लावणं आजपासून बंद कर. बायकांना तर नाहीच, पण कोणालाच नाही. ज्या माणसाला दिसून नाही राहिलं, ज्याने तुला हो म्हटलं नाही, त्याच्या मानेला अंधारात हात लावणं हा खेळ नाही. शहारा पाहिजे तर पंखा आहे, ओल्या दोरीचं टोक आहे, खालची नळी आहे, त्याने भीती काही कमी होणार नाही. गाडी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने सांग की नको वाटलं तर डोळे मिटा अन् हात वर करा, मी येतो. एकदा प्रत्येकाला हात वर करायला लावूनच बघ, म्हणजे घाबरल्यावर आठवते.

अन् कोणी हात वर केला तर चष्म्याला लगेच हात घालू नको. त्या मावशींच्या जागी स्वतःला ठेव, समोर भूत आहे अन् कोणीतरी डोकं ओढून राहिलं. आधी खेळाचा आवाज बंद कर, एक बाजूचा हेडफोन थोडा सरकव, अन् हळू आवाजात बोल, 'मावशी, मी इथला मुलगा आहे, गाडी थांबली आहे, मी आता चष्मा काढतो.' त्या हो म्हणाल्या की मग मागचा पट्टा सैल कर, चष्मा वर उचल, अन् पाण्याची बाटली जवळ ठेव.