सांगणाऱ्याला पुरतं बोलू दे

काल फोनवर तू विचारलंस, "सगळ्यांसमोर ऐकून घेतलं तर सुपरवायझर म्हणून माझं काय राहिलं?" मला जरा रागच आला, म्हणून तिथं बोललो नाही, आज लिहालोय.

तुझ्या शॉपमधला मामा काय म्हणाला तुला? पातळ भिंतीचा जॉब आहे, चकचं, म्हणजे जॉब धरणाऱ्या जबड्यांचं, प्रेशर कमी कर. बास, एवढंच. आणि त्याचं वाक्य संपायच्या आत तू "माहीत आहे मला" म्हणालास. माहीत असेलही रे, डिप्लोमाला शिकवलं असेल. पण तीन जबड्यांत आवळून बोअर, म्हणजे आतलं भोक, मारला की तो मशीनवर गोल असतो, चक सोडला की भिंत मागं येते आणि बोअर तिकोनी होतो. दोन टोकांचा बोअर गेज फिरवलास तर माप सगळीकडं सारखंच दाखवतंय, प्लग गेज, म्हणजे भोकात घालून बघायचा मापाचा दांडा, घालायला गेलं की अडकतंय. तू तीन वेळा मोजलंस, तिन्ही वेळा तुझं बरोबर आलं. मामानं प्लग गेज अडकलेला बघितला होता. त्याला पुरतं बोलू दिलं असतंस तर तेच सांगणार होता की!

सांगणाऱ्याला पुरतं बोलू दे. मधे बोलू नकोस, कारण देऊ नकोस, "पण" म्हणू नकोस.

ऐकलं म्हणजे मानलंच पाहिजे असं नाही, निर्णय तुझाच, त्यासाठीच तुला तिथं बसवलाय. पण तो ऐकून झाल्यावर.

आपल्या शेजारी धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर बघ. नीलकंठबुवांकडं शिकून तयार झालेले, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी निघालेल्या, नाव झालेलं, आणि त्यानंतर ते मंजीखाँसाहेबांपुढं शिष्य म्हणून बसले. १९३७ ला मंजीखाँ गेले तर त्यांच्या भावाकडं, भुर्जीखाँकडं, परत तालीम. रेकॉर्डी निघालेल्या माणसाला कमीपणा वाटला नाही, तुला प्रमोशन होऊन किती दिवस झाले रे?

खरं सांगू, तुझ्या मनात दुसरंच आहे. मामा कमी शिकलेला, त्यात कन्नडमधनं बोलतोय आणि पोरं ऐकालीत. ते काढून टाक डोक्यातनं.

मला सुरुवातीला एक म्हातारा पॅटर्नमेकर, ओतकामाचे नमुने करणारा, होता, माझ्या प्रत्येक कामात खोट काढायचा. तो गेला आणि मग सगळे नुसतं साहेब साहेब. त्या वर्षांत माझी पगारवाढ झाली, हातात नवीन काय आलं म्हणशील तर काहीच नाही, ही खंत अजून जात नाही. म्हणून आता मी मुद्दाम विचारत फिरतो, हेल्परला पण. इथं उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोक बोलतात, ह्याला स्वतःचं काय कळत नाही म्हणून. बोलू देत. माझ्या शॉपमधली पोरं चूक दिसली की माझ्यापर्यंत घेऊन येतात, लपवत नाहीत, ते काय उगीच? तुझ्याकडं मामा आता गप्प बसला तर उद्या पोरं पण गप्प बसणार आणि रिजेक्शन थेट कस्टमरकडनं कळणार तुला.

सोमवारी रात्रपाळी सुटायच्या आधी पोच. पोरं असतील तेव्हाच, सगळ्यांसमोर, मामाला विचार प्रेशर किती ठेवू म्हणून. सांगेल ते वहीत लिही, त्या प्रेशरवर चार जॉब काढ, चक सोडून प्लग गेज घाल आणि काय झालं ते आधी मामाला दाखव, मग मला फोन कर.